बारा फोटोंचा कॅमेरा



माझ्यापुढे या क्षणी टेबलावर एक जुना कॅमेरा ठेवलेला आहे. आपल्याला तो दिसण्याचा प्रश्नच नाही, म्हणून आधी त्याची ओळख करून देतो. अंग काळे, प्लॅस्टिकचे. पुढे वाटोळ्या चकतीत एक भिंग. पाठीमागे चिंचोक्याएवढी तांबड्या काचेची खिडकी. वर रोल फिरवायची खुंटी. बाहेरून चामड्याची तपकिरी पिशवी. तिची शिवण उसवली तेव्हा आमच्या अण्णांनी ती दाभण घेऊन सुतळीने शिवली, ती अजून तशीच आहे. नाव 'आगफा क्लिक थ्री'. कंपनी मूळची जर्मन, पण हा कॅमेरा बडोद्याला, न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात तयार होई. आपल्यापैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत त्यांतल्या कित्येकांचा पहिला फोटो याच जातीच्या कॅमेऱ्याने काढलेला असेल.

अण्णा म्हणजे माझे वडील. माणदेशातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत ते शिक्षक होते. १९७८ साली पुण्याला प्रशिक्षणासाठी गेले असता त्यांनी हा कॅमेरा घेतला, आणि घरी आल्यावर दोन दिवस आईला त्याची किंमत सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी सांगितली ती खरी होती की नाही, याबद्दल आईला शेवटपर्यंत शंका होती.

या कॅमेऱ्याला स्वतःची अक्कल फार थोडी. बाकीची वापरणाऱ्याने पुरवायची. शटरचा वेग एकच. भिंग पुढेमागे करण्याची सोय नाही. दहा-बारा पावलांवर माणसे उभी करावीत, म्हणजे ती बरी येतात. उजेडाचा हिशेब म्हणून दोन चिन्हे, एक सूर्याचे आणि एक ढगाचे. आता माणदेशात उन्हाला काय तोटा? ढगाच्या चिन्हावर काटा नेण्याचा प्रसंग अण्णांवर किती वेळा आला असेल, ते तालुक्याच्या पर्जन्यमानाच्या तक्त्यात पाहावे लागेल.

त्यात रोल बसे तो १२० नंबरचा. फिल्मच्या पाठीला काळा कागद, त्या कागदावर आकडे छापलेले. खुंटी फिरवीत जायचे, तांबड्या खिडकीत १ आला की थांबायचे, फोटो काढायचा, पुन्हा फिरवून २ आणायचा. असे बारा. बारावा झाला की सावलीत बसून रोल काढायचा आणि त्याच्या टोकाची डिंकाची पट्टी जिभेने ओली करून चिकटवायची. ही पट्टी चिकटवण्याचा मान आम्हां भावंडांत पाळीपाळीने मिळे. तिची चव अजून माझ्या जिभेवर आहे. फारशी चांगली नव्हती.

एक रोल आम्हांला चार-पाच महिने पुरे. पुरे म्हणजे पुरवावा लागे. रोल विकत घेणे, तो तालुक्याला जाऊन धुऊन आणणे, वर प्रत्येक फोटोची कॉपी काढणे, हा सगळा खर्च शिक्षकाच्या पगारातून व्हायचा. म्हणून बारा फोटोंची वाटणी आधीच ठरलेली असे. सव्वीस जानेवारीचे झेंडावंदन एक. सातवीच्या मुलांच्या निरोपाचा एक. बेंदराला बैलांचा एक. गावच्या जत्रेचे दोन. कोणाचे लग्न असले तर दोन, फार झाले तर तीन. मग उरलेल्या चार-पाच फोटोंसाठी घरात मसलती चालत. 'गुरजी, आमच्या म्हशीचा काढा की एक फोटू,' असा अर्ज आला की अण्णा तो नाकारीत नसत, फक्त 'बघू या' म्हणत. ती म्हैस वर्षभर 'बघू या'मध्येच राहिली आणि मग विकली गेली.

या कॅमेऱ्यात एक खोड होती, तीही सांगतो. फोटो काढल्यावर रोल पुढे सरकवायला विसरलात, तरी खटका खुशाल दाबला जाई आणि एका फोटोवर दुसरा उमटे. एका वर्षी एप्रिलात अण्णांनी सातवीच्या मुलांचा फोटो काढला. मधोमध खुर्चीवर मुख्याध्यापक. पुढचा फोटो निघाला तो एकदम बेंदराला, एका खिलारी बैलाचा, आणि मध्ये खुंटी फिरवायचे राहून गेले. रोल धुऊन आला तेव्हा पाहतो तर मुख्याध्यापकांच्या टोपीच्या दोन बाजूंनी उत्तम, कमानदार शिंगे! शिंगांवर बेगडसुद्धा होती. अण्णांना दोन रात्री झोप नाही. शेवटी तो फोटो घेऊन ते मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ फोटो न्याहाळला आणि विचारले, 'गुरुजी, बैल कोणाचा हो हा? जनावर चांगले आहे.'

रोल धुवायला दहिवडीला द्यावा लागे. एस.टी.ने जायचे, रोल द्यायचा, 'आठ दिवसांनी या' हे ऐकून परत यायचे. एकदा तिथल्या फोटोवाल्याने मला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेले. तांबडा दिवा लागलेला. त्याने एक कोरा कागद पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात सोडला आणि चिमट्याने हलवीत राहिला. मिनिटभराने त्या कागदातून आमच्या घराचे दार वर आले, मग दारातली तुळस, मग तुळशीमागे उभी असलेली माझी आई. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आज मी महाविद्यालयात शिकवतो, पण इतक्या थोड्या वेळात इतके काही शिकवणे मला अजून जमलेले नाही.

त्या खोलीत काय चालते, हे शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडक्यात सांगतो. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर असतो. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेल्या सरसाचीच शुद्ध जात. या थरात चांदीच्या क्षारांचे अतिशय बारीक कण पसरलेले असतात. कॅमेऱ्याचा पडदा क्षणभर उघडतो तेव्हा ज्या कणांवर उजेड पडतो त्यांच्यात बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या औषधात असे कण काळ्या चांदीत रूपांतरित होतात. दुसरे औषध हायपो; ते न बदललेले क्षार धुऊन काढते. जिथे उजेड जास्त तिथे काळे, म्हणून निगेटिव्हवर पांढरे धोतर काळे आणि काळे केस पांढरे. मग त्यातून उजेड पाडून कागदावर पुन्हा तीच क्रिया केली की उलटाचे सुलट होते. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवरचा चेहरा हा असा खऱ्या चांदीचा असतो. पुढे मला याच गोष्टीचा उपयोग झाला, म्हणून ती मुद्दाम सांगितली.

फिल्मचे राज्य शंभर वर्षे चालले. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी शंभर फोटोंचा रोल भरलेला कॅमेरा विकायला काढला. फोटो संपले की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा, ते धुऊन, नवा रोल भरून परत करीत. आमच्या कॅमेऱ्यातला १२० नंबरचा रोल १९०१ सालापासूनचा आहे. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट काढण्यापूर्वी, १९१२ साली, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ फिल्मवर टिपली, तीही रोज थोडी थोडी करून. आज हेच काम फोनमधले एक बटण करते, आणि वर्गात करून पाहण्यासारखे आहे. आपल्या सरकारनेही उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला होता. त्याच्या फिल्मचे नाव 'इंदू'. तो आता बंद आहे.

गंमत अशी की, फिल्मला उतरती कळा लावणारा कॅमेरा फिल्मच्याच घरी जन्मला. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियराने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर साठवायला तेवीस सेकंद. आज खिशातल्या फोनचे एक चित्र कोट्यवधी ठिपक्यांचे असते. २०१२ च्या जानेवारीत त्याच कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आता जुन्याचे गोडवे गाताना माणूस बरेच काही विसरतो. मीही विसरलो असतो. आमच्या गावात हा एकच कॅमेरा होता. त्याच्यासमोर कोण आले? शाळेतली मुले, गावचे चार पुढारी, लग्नातली नवरानवरी आणि गुरुजींचे घरचे लोक. रानात खुरपायला जाणाऱ्या बायका, मेंढरांमागे बाराही महिने फिरणारी माणसे, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे यांच्या वाट्याला बारांतला एकही फोटो येत नसे. 'फोटू काढला की आयुष्य घटतं' असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. पण आता वाटते, आपल्याला कोणी बोलावणारच नाही हे ठाऊक असल्यावर तसे म्हणणे सोयीचे पडत असावे. कित्येकांचा आयुष्यातला एकुलता एक फोटो ते गेल्यावर, खुर्चीत बसवून, हार घालून काढलेला असे. असे फोटो अण्णांनी काढले आहेत, आणि त्या वेळी रोलचा हिशेब केला नाही. जिवंतपणी मात्र हिशेब होता.

म्हणून आज खुरपणीहून परतणारी एखादी बाई बांधावर उभी राहून आपल्या लेकराचा फोटो आपल्याच फोनवर काढते, तेव्हा मला त्यात काही वावगे दिसत नाही. 'हल्ली फोटोला किंमत राहिली नाही' असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, किंमत होती तेव्हा ती कोणाला परवडत होती?

पण फोनची दुसरी बाजूही मी भोगली आहे. माझी आई २०२२ साली गेली. तिच्या शेवटच्या तीन-चार वर्षांचे शेकडो फोटो माझ्या फोनमध्ये होते. नातवंडांना शेवया करायला शिकवताना, उन्हात पापड राखताना, दवाखान्याच्या रांगेत चिडून बसलेली. ती गेल्यानंतर दोन महिन्यांनी तो फोन विहिरीत पडला. काढला, पण त्यातून काही परत मिळाले नाही. दुसरीकडे साठवून ठेवावे, एखाददुसऱ्याची छापील कॉपी काढावी, हे मी उद्यावर टाकले होते. इतरांच्या फोनमधून पाच-सात फोटो जमले. आज आईचा भिंतीवर जो फोटो आहे, तो तुळशीमागे उभी असलेला, १९८९ चा. त्या कागदाला एका कोपऱ्यात वाळवी लागली होती, पण निगेटिव्ह शाबूत होते. दोष फोनला देऊन उपयोग नाही. शेकडो फोटो होते म्हणूनच मी निर्धास्त होतो. बाराच असते तर मी ते जपले असते.

हे सारे मनात ताजे असतानाच गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावाकडचा एक तरुण मला भेटायला आला. त्याचे आजोबा आमच्या शाळेत घंटा देत. त्यांना आम्ही नाना म्हणत असू. शाळेला तेव्हा मंजूर शिपाई नव्हता. गावकीने ठेवलेला माणूस, सुगीला घरोघरचे धान्य मिळे, तोच पगार. पाणी भरणे, पटांगण झाडणे, घंटा देणे, आणि शाळा सुटल्यावर रडणाऱ्या पोराला घरी पोचवणे, ही सगळी नानांची कामे. १९९३ साली ते गेले. तो तरुण म्हणाला, 'सर, आज्जीचं वय झालंय. घरात नानांचा एकबी फोटू न्हाई. गुरजींनी शाळेचे फोटू काढलेत म्हणत्यात. त्यात कुठं असला तर बघा.'

अण्णांची निगेटिव्हे पत्र्याच्या पेटीत होती. त्यांची एक चांगली सवय सांगतो. प्रत्येक रोलची निगेटिव्हे कापून ती कागदी पाकिटात ठेवीत आणि पाकिटावर शिसपेन्सिलीने साल, प्रसंग आणि उभ्या असलेल्यांची नावे लिहीत. शाई फुटते, पेन्सिल टिकते, हे त्यांचे म्हणणे. मी चार रात्री पाकिटे पाहिली. नानांचे नाव एकाही पाकिटावर नव्हते.

तरी प्रत्येक निगेटिव्ह पाहायचे ठरवले. त्यासाठी केलेली युक्ती शिक्षकांना उपयोगी पडेल. एका फोनवर पूर्ण पांढरा पडदा लावला. त्यावर बोटभर उंचीचा आधार देऊन स्वच्छ काच ठेवली, काचेवर निगेटिव्ह, आणि दुसऱ्या फोनने वरून त्याचा फोटो घेतला. मग फोटो दुरुस्त करण्याच्या ॲपमध्ये रंग उलटे केले की निगेटिव्हचा सरळ फोटो झाला. काच पडद्यापासून उंच ठेवावी, नाहीतर पडद्याचे ठिपके चित्रात उतरतात. आपल्या शाळेच्या कपाटात जुन्या संमेलनांची निगेटिव्हे असतील, तर या सुट्टीत एवढे कराच. रंगीत निगेटिव्हे आधी घ्या, कारण त्यांत चांदी उरत नाही, रंगच असतात, आणि ते लवकर उडतात. हात लावताना फक्त कडेला धरा. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीशी ठेवू नका. एखाद्या फिल्मला शिर्क्यासारखा आंबट वास येत असेल तर ती बाकीच्यांपासून वेगळी काढा. ती खराब होऊ लागलेली असते.

चौथ्या रात्री १९८९ च्या पाकिटात सातवीच्या निरोपाचा फोटो सापडला. तीन रांगा, मध्ये शिक्षक. पाकिटावर त्रेचाळीस नावे. चित्र मोठे करत करत मी डाव्या कडेला गेलो, तर शेवटच्या मुलाच्याही पलीकडे, घंटेच्या खांबाला टेकून, एक माणूस. डोक्याला मुंडासे, हातात घंटेचा टोला. या साध्या भिंगाने कडेची माणसे नेहमीच जराशी धूसर येतात, तसे तेही धूसर होते. पण फिल्म सहा सेंटिमीटर लांबरुंद, तिच्यात चेहऱ्याला पुरेशी चांदी होती. नाकाची ठेवण, मिशा, आणि एक डोळा किंचित बारीक करून पाहण्याची सवय. नानाच.

कागदावर मोठा फोटो छापून घेतला आणि गावी गेलो. आजी ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला, उन्हाकडे वळवला. पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत. मग फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, 'त्येच हायेत. टोला हातातनं सोडत नव्हते.' थोड्या वेळाने म्हणाल्या, 'कडंला हुबं ऱ्हायले व्हय. मधी या म्हनून कुनी बोलिवलं न्हाई.'

अण्णांच्या वतीने मी काय उत्तर देणार? फोटोसाठी मुलांच्या रांगा लावण्यात नानांचाच हात असे, हे मला आठवत होते. अण्णा मनाने वाईट नव्हते, पण त्रेचाळीस नावे लिहिणाऱ्या माणसाला चव्वेचाळिसावे सुचले नाही.

१२० नंबरचे रोल अजून निघतात, बरे का. परदेशात तरुण मंडळींना फिल्मची पुन्हा गोडी लागली आहे. २०२४ साली पेंटॅक्स या जपानी ब्रँडचा फिल्मचा नवा कॅमेरासुद्धा निघाला. मी पुण्याहून एक रोल मागवून घेतला होता. तो भरून कॅमेरा बरोबर नेला होता. आजींना म्हणालो, 'आजी, त्या खांबापाशी उभ्या राहा, तुमचा एक फोटो काढतो. हा तोच कॅमेरा.' त्यांनी पदर नीट केला, सूप बाजूला ठेवले आणि हात जोडल्यासारखे करून ताठ उभ्या राहिल्या. सूर्याच्या चिन्हावर काटा नेला, श्वास धरला, खटका दाबला. या खेपेस खुंटी फिरवायला विसरलो नाही.

'बघू,' आजी म्हणाल्या.

मी म्हटले, 'लगेच नाही दिसत, आजी. अजून अकरा काढायचे, मग रोल पुण्याला पाठवायचा, तिथून धुऊन यायचा. दोन-तीन महिने लागतील.'

त्यांनी माझ्याकडे पाहिले, कॅमेऱ्याकडे पाहिले, आणि नातवाला हाक मारली, 'तू काढ रं तुझ्या मोबाइलवर एक. आन् त्यास्नी बी घे संगं.' मग नानांचा फोटो छातीशी धरून, यावेळी मधोमध, त्या उभ्या राहिल्या. नातवाने आम्हां दोघांचे चार-पाच फोटो पटापट काढून दाखवले. त्यांतला एक आजींना पसंत पडला. तो कागदावर छापून आणायला मी त्याला तिथल्या तिथे पैसे दिले, आणि मागे शिसपेन्सिलीने नावे लिहायला सांगितले.

माझ्या रोलमध्ये अजून चार फोटो शिल्लक आहेत.